‘मॅडम, परत बोलता येईल ना मला?’

बेड नंबर ११. वय ५२, शाळेत शिक्षक, गाव इंदापूरकडचं. दाबानं हवा देणाऱ्या बायपॅप यंत्राचा मास्क लावून तीन दिवस झाले होते आणि त्या रात्री दोनच्या सुमाराला रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, सॅच्युरेशन, ७८ च्या वर सरकेना. श्वास मिनिटाला चाळीसच्या पुढे गेला होता. श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यायचं, एवढाच मार्ग उरला होता आणि ते काम माझं होतं. मी भूलतज्ज्ञ. औषधं सिरिंजमध्ये भरून तयार होती. इतक्यात त्यांनी माझं मनगट धरलं. ग्लोव्ह्जच्या दोन थरांवरूनही पकड जाणवत होती. मास्क जरा उचलून म्हणाले, "मॅडम, परत बोलता येईल ना मला?"

मी म्हणाले, "हो सर, येईल की. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे."

पाचव्या दिवशी पहाटे ते गेले. मधल्या दिवसांत ते बोलणं शक्यच नव्हतं. म्हणजे त्यांच्या तोंडचं शेवटचं वाक्य तो प्रश्न होता, आणि त्यावर मी जे सांगितलं ते खरं ठरलं नाही. त्या पहाटे हे माझ्या मनातही आलं नाही. डेथ समरी लिहिली, घरी फोन केला, पुढच्या बेडकडे गेले. महिन्याभरानं हॉस्टेलवर आंघोळ करताना ते एकदम समोर आलं आणि मी बादली भरून वाहत असताना नळाकडे बघत तशीच उभी राहिले.

ही एप्रिल २०२१ ची, करोनाच्या दुसऱ्या लाटेतली गोष्ट. पुण्यातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी एमडी अ‍ॅनेस्थेशियाच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यानंतरच्या वर्षभरात मी मनानं आजारी पडले, उपचार घेतले आणि बरी झाले. आमच्या क्षेत्रात हे अजूनही दबक्या आवाजात बोललं जातं, म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

पहिल्या लाटेत मला असं काही झालं नव्हतं. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले तेव्हा मी जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर (रेसिडेंट) होते. तेव्हा होती ती भीती, आणि ती सगळ्यांना होती. एक एन ९५ कागदी पिशवीत घालून पुन्हा वापरायचा, पिशवीवर तारीख टाकायची. पीपीई किट घातल्यावर सगळे सारखेच दिसत, म्हणून पाठीवर मार्करनं नाव लिहायचं. गॉगलवर वाफ धरली की शीर हातानं चाचपून शोधायची. पण सात दिवस ड्युटी झाली की सात दिवस हॉटेलात विलगीकरण मिळायचं. खोलीत बंद असायचो, तरी झोप व्हायची. आई बार्शीहून दिवसातून चार वेळा फोन करायची, मी चारही वेळा उचलायची.

दुसऱ्या लाटेत ते विलगीकरण बंद झालेलं होतं. रुग्ण तरुण होते, झपाट्यानं बिघडत होते. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले. त्याच दिवशी नीट पीजी, म्हणजे एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा, व्हायची होती, ती तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली. बाहेरच्या माणसाला ही नुसती परीक्षेची बातमी वाटली असेल. आमच्यासाठी त्याचा अर्थ असा की मे-जूनमध्ये येणारी जेआर वनची अख्खी बॅच येणार नाही. ती परीक्षा ११ सप्टेंबरला झाली, मग आरक्षणाच्या कोट्याच्या खटल्यात प्रवेश अडकले आणि नवी मुलं वॉर्डात यायला २०२२ उजाडलं. तीन बॅचचं काम दोन बॅचनी केलं. डॉक्टरांच्या मानसिक ताणाविषयी बोलताना योगासनं आणि सकारात्मक विचार यांच्याआधी हा हिशोब मांडला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. माणूस कमी पडला की ड्युटी लांबते आणि ड्युटी लांबली की झोप जाते. पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

२१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि २२ रुग्ण दगावले. ती बातमी मी ड्युटीवर जाता जाता मोबाइलवर वाचली. त्या रात्री आयसीयूत मी दर अर्ध्या तासानं भिंतीवरच्या प्रेशर गेजकडे बघत होते. काटा चारच्या आसपास असायला हवा. पहाटे चारला तो जरासा खाली आल्यासारखा वाटला म्हणून मॅनिफोल्ड रूमला, म्हणजे जिथून ऑक्सिजन सोडतात त्या खोलीला, फोन लावला. तिथले मामा म्हणाले, "मॅडम, तुमचा आजचा हा नववा फोन आहे. मी इथंच बसलोय, सिलिंडर लावूनच बसलोय. तुम्ही घोटभर पाणी प्या." मला आठ फोन केल्याचं आठवतच नव्हतं.

पण मला मोडलं ते वॉर्डच्या मोबाइलनं. प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलेला एक फोन आयसीयूत ठेवलेला असे. नातेवाइकांना आत सोडत नसत, तेव्हा संध्याकाळी त्यांना व्हिडिओ कॉल करून पेशंट दाखवायचा. कुणी म्हणायचं, "मॅडम, जरा पांघरूण नीट करा ना, त्यांना थंडी सोसत नाही." कुणी विचारायचं, "जेवले का?" नाकातून नळी असलेल्या माणसाबद्दल. एकीनं गेटवर डबा आणि चिठ्ठी दिली होती, ‘शेंगदाण्याची चटणी आहे, त्यांना वरण-भाताबरोबर लागते.’ डबा वॉर्डात पोचला तेव्हा तिचा नवरा व्हेंटिलेटरवर होता. मावशींनी तो डबा दोन दिवस खिडकीत ठेवला, टाकवेना कुणालाच.

आणि मृत्यूचे फोन. तेही ड्युटीवरच्या रेसिडेंटनंच करायचे. माझं एक ठरलेलं वाक्य तयार झालं होतं: "आम्ही खूप प्रयत्न केले, पण पहाटे त्यांचं हृदय बंद पडलं." एका रात्रीत मी ते पाच वेळा म्हटलं. पाचव्या वेळी पलीकडून लहान मुलीचा आवाज आला, "मम्मी झोपलीय, काय सांगू?" मी म्हणाले, "उठव बाळा मम्मीला." ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

मे महिन्यात आकडे उतरू लागले, बेड रिकामे होऊ लागले. मला वाटलं, आता बरं वाटेल. पण मी बिघडले तेव्हापासूनच. धावपळ होती तोवर अंगात बळ होतं. उसंत मिळाली तशी घसरण सुरू झाली. रात्री दोनला हटकून जाग यायची. प्रेशर कुकरची शिट्टी ऐकली की हात आपोआप अलार्म बंद करायला उचलला जायचा. जेवण समोर आलं की घास फिरायचा. रडू मात्र येत नव्हतं, आणि मला वाटायचं की हे खंबीरपणाचं लक्षण आहे. आईच्या फोनवर "जेवले, ठेवते" एवढं दोन शब्दांचं बोलणं व्हायचं. एका पेशंटच्या मुलावर मी सगळ्यांसमोर ओरडले. त्यानं फक्त रिपोर्ट कधी येईल एवढंच विचारलं होतं.

झोपेसाठी मी स्वतःच अल्प्राझोलाम हे सवय लावणारं औषध घ्यायला लागले होते. सुरुवातीला अर्धी गोळी, मग एक, मग दीड. एक बॅचमेट चिठ्ठी लिहून द्यायचा, मी त्याला लिहून द्यायची. आम्ही दोघंही पेशंटला हे कधी करू दिलं नसतं.

जुलैत एका दुपारी इमर्जन्सीत नळी टाकायला उभी राहिले. घसा दिसावा म्हणून तोंडात घालायचा लॅरिंगोस्कोप डाव्या हातात, पेशंटचं तोंड उघडलेलं, औषध गेलेलं. आणि माझा हात पुढे जाईना. थरथर वगैरे नव्हती, हात नुसता थांबला. शेजारच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम?" मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "मॅडम!" माझ्या सीनियरनं माझ्या हातातून लॅरिंगोस्कोप घेतला आणि नळी टाकली. पेशंटला काही झालं नाही. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद गेले असतील. मी बाहेर जाऊन कपडे बदलायच्या खोलीत स्टुलावर बसले ते तासभर बसूनच राहिले.

त्या सिस्टर ड्युटी संपल्यावर मला शोधत आल्या. वीस-पंचवीस वर्षं आयसीयूत काढलेली बाई. त्यांनी काही समजूत घातली नाही. थर्मासमधला चहा झाकणात ओतून हातात दिला आणि म्हणाल्या, "उद्या माझी सेकंड ड्युटी आहे. सकाळी दहाला मी तुमच्या हॉस्टेलच्या खाली येते. आपण दोघी मानसोपचारला जाऊ. मी पण दाखवायचंय कधीचं ठरवतेय." त्यांनाही झोप येत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. त्या नुसतं ‘तुम्ही जा’ म्हणाल्या असत्या तर मी गेले नसते, हे नक्की.

आपल्याच रुग्णालयात मानसोपचार ओपीडीला जाणं किती अवघड असतं हे बाहेरून कळणार नाही. केस पेपर काढायच्या खिडकीवरचा माणूस ओळखतो. तिथले रेसिडेंट आपल्याबरोबर मेसमध्ये जेवतात. मनात हजार शंका. उद्या फेलोशिपला अर्ज केला आणि कुणी हे काढलं तर? लग्नाचं बघत होते घरी, तिकडे कळलं तर? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे मी एमबीबीएसला असतानाच वाचलेलं. पण तो हक्क आपल्यालाही लागू आहे हे खिडकीपाशी उभं असताना आठवत नाही. सिस्टरांनी दोघींचे केस पेपर काढून आणले, मी खांबाआड उभी होते.

आतल्या मॅडमनी मला प्राध्यापक म्हणून शिकवलं नव्हतं, त्यामुळे जरा सोपं गेलं. त्यांनी आधी एक कागद दिला. नऊ प्रश्नांचा, ‘गेल्या दोन आठवड्यांत खालीलपैकी कशाचा किती वेळा त्रास झाला’, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. नैराश्य मोजायची ही प्रश्नावली, पीएचक्यू ९, मी परीक्षेसाठी पाठ केलेली होती. कशाला किती गुण पडले की निदान काय होतं ते मला माहीत होतं, त्यामुळे कमी गुण पडतील अशी उत्तरं देणंही मला जमलं असतं. आठ प्रश्न मी खरे भरले. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे मी शून्याला गोल केला, कागद दिला. मॅडम बेरीज करायला लागल्या. मी म्हणाले, "एक मिनिट, परत द्या." शून्य खोडून दोनला गोल केला.

बेरीज सतरा आली. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का? काही ठरवलं आहे का?" मी सांगितलं, ठरवलं काही नाही, पण रात्री झोपताना वाटतं की उद्या जाग आली नाही तर सुटेन. मोठ्यानं हे पहिल्यांदाच बोलले. बोलले आणि रडायला लागले. चार महिन्यांचं साचलेलं. मॅडम मध्ये काही बोलल्या नाहीत, पाण्याचा ग्लास फक्त जवळ सरकवला. असा प्रश्न विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नको तो विचार घुसेल अशी भीती पुष्कळांना वाटते. मला त्या प्रश्नानं उलट आधार वाटला, कारण उत्तर ऐकायची तयारी असणारं कुणीतरी समोर बसलं होतं.

निदान नैराश्याचं झालं, बरोबर आघाताची काही लक्षणं. मी म्हणाले, "बर्नआउट असेल मॅडम, सगळ्यांनाच आहे." त्यांनी समजावलं की बर्नआउट हा कामातून येणारा शीण. जागतिक आरोग्य संघटनेनंही तो आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदला आहे. कामाचं ओझं कमी झालं, विश्रांती मिळाली की तो बराचसा उतरतो. माझं काम मे महिन्यातच कमी झालं होतं आणि मी जुलैत जास्त वाईट होते. तेव्हा याला उपचार लागतील. सिस्टरांना गोळ्या लागल्या नाहीत, त्यांना समुपदेशन आणि रात्रपाळीतून महिनाभर सुटका पुरली. एकाच वॉर्डातल्या दोघींचं दुखणं वेगळं होतं.

एसिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं. अल्प्राझोलाम एकदम तोडायचं नसतं, ते पाच आठवड्यांत पायरीपायरीनं उतरवलं. पहिला आठवडा वाईट गेला. मळमळ, पोटात कालवाकालव, बेचैनी आधीपेक्षा जास्त. मॅडमनी आधीच बजावलं होतं म्हणून टिकले, नाहीतर चौथ्या दिवशी गोळी फेकून दिली असती. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मेसमधले पोहे खाताना लक्षात आलं की आज मीठ कमी आहे. कितीतरी दिवसांत मला कशाची चव लागली नव्हती.

तीन आठवडे आयसीयूतून बाहेर काढा, असं मॅडमनी लेखी दिलं. ते घेऊन विभागात गेले तेव्हा ज्यांच्या हातात रोस्टर होतं ते म्हणाले, "ताण सगळ्यांनाच आहे. एकीला सुट्टी दिली तर उद्या दहा कागद येतील." त्यांचंही चुकत होतं असं मला आज पूर्ण म्हणवत नाही, त्यांच्याकडेही माणसं नव्हती. पण त्या वाक्यानंतर पुढचे दोन दिवस मी पुन्हा ड्युटी केली आणि ते दोन दिवस माझ्या आजारपणातले सगळ्यात धोक्याचे होते. मॅडमनी स्वतः फोन केला तेव्हा सुट्टी मिळाली. माझ्या वाट्याच्या रात्री रूममेटनं आणि दुसऱ्या एकानं वाटून घेतल्या. त्याचं ओझं गोळ्यांपेक्षा जड होतं.

बोलण्याचा उपचार दर गुरुवारी. पहिल्या दोन-तीन बैठका झोप, खाणं, चालणं यांतच गेल्या. मग मी बेड नंबर अकराबद्दल सांगितलं. मॅडमनी ते मला तीनदा सांगायला लावलं, सविस्तर, सॅच्युरेशनच्या आकड्यांसकट. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी विचारलं, "त्या क्षणी तुला काय माहीत होतं?" मला माहीत होतं की नळी टाकली नाही तर ते सकाळपर्यंत जाणार. टाकली तर वाचण्याची थोडी शक्यता आहे. त्यांचं काय होणार हे मला माहीत नव्हतं. तरी मी इतकी वर्षं शिकलेली असूनही स्वतःला खोटं बोलल्याबद्दल गुन्हेगार ठरवत होते.

त्याच बैठकीत त्यांनी ‘मॉरल इन्ज्युरी’ हा शब्द सांगितला. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना अमेरिकेत तो रुजला. जे करायला हवं ते करता येत नाही, किंवा मनाला पटत नाही ते करावं लागतं, आणि त्याची जखम मनावर राहते. एक व्हेंटिलेटर रिकामा आणि वाट बघणारे दोन, अशा रात्री आम्ही काढल्या होत्या. त्यांबद्दल आम्ही आपसातही कधी बोललो नव्हतो. पण माझं सगळं पाप एका ‘हो सर’ मध्ये येऊन साठलं होतं. मॅडमनी ते पुसायचा प्रयत्न केला नाही. एवढंच विचारलं, "तोच प्रश्न उद्या कुणी विचारला तर काय म्हणशील?" मला उत्तर आलं नाही. पुढच्या गुरुवारपर्यंत विचार करून ये म्हणाल्या.

परतल्यावर पहिली ड्युटी ऑपरेशन थिएटरची होती. साधं हर्निया, संगमनेरकडचे एक आजोबा. भुलीचं औषध द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "बाई, उठंन ना मी परत?" आमच्या धंद्यातला रोजचा प्रश्न. पूर्वी मी ‘उठाल की’ म्हणून मास्क लावत असे. त्या दिवशी मी मास्क बाजूला ठेवला, त्यांच्या डोक्याशी खाली वाकले आणि म्हणाले, "आजोबा, मी शेवटपर्यंत इथंच तुमच्या डोक्याशी बसून आहे. जागचं हलत नाही. बाहेर कुणाला काही सांगायचंय का आधी?" ते म्हणाले, म्हातारीला सांगा चहा घ्यायला. मी सर्क्युलेटिंग सिस्टरना बाहेर पाठवून निरोप दिला, मग औषध दिलं. हात थांबला नाही.

तेव्हापासून ही पद्धतच ठेवली आहे. आयसीयूत नळी टाकायची वेळ आली आणि पेशंट शुद्धीवर असला, तर आधी फोन. घरच्यांशी मिनिटभर बोलणं होतं, मग बाकीचं. ‘परत बोलता येईल का’ असं कुणी विचारलं तर म्हणते, "यावं यासाठीच हे करतोय. पण आत्ता बोलून घ्या."

गोळ्या बरं वाटायला लागल्यावरही नऊ महिने चालल्या आणि मग सावकाश बंद झाल्या. आज टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, कधीही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. माझ्या वेळी तो नव्हता. माझ्या ज्युनिअर्सच्या रूमच्या दारामागे मी तो मोठ्या अक्षरात लिहून चिकटवला आहे.

आईला मी सगळ्यात शेवटी सांगितलं, दिवाळीला बार्शीला गेले तेव्हा. फराळाचं आवरत होती. मी ओट्याशी उभी राहून एका दमात सांगून टाकलं, गोळ्यांचं, मॅडमचं, सगळं. मरणाच्या विचारांचंही. तिचा हात चकलीच्या सोऱ्यावर तसाच राहिला. अण्णा बाहेर ओसरीवर होते, त्यांनी रेडिओ बारीक केला, म्हणजे त्यांना ऐकू जात होतं. आई म्हणाली, "अगं, ‘जेवले, ठेवते’ म्हणायचीस ना, तेव्हा मी मागून तुझ्या रूममेटला फोन लावायचे. ती म्हणायची, काकू, खरंच जेवली. रोज खोटं बोलायची ती पोर. मला कळायचं." मग तिनं सोऱ्यातलं पीठ कढईत सोडलं आणि म्हणाली, "तिला पण दिवाळीनंतर घेऊन ये इकडे."